गालावरचं ठिगळ

टेक्निशियन मुलीने ते मऊ, दुधी रंगाचं आवरण टेलर मास्तरांच्या डाव्या गालावर दाबून बसवलं आणि बोट काढलं. कड उचलली गेली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा उचलली.

"बसत नाही, काका."

"पहिल्या ट्रायलला कुणाचं बसलंय?" मास्तर उताणे पडूनच म्हणाले. "जन्मभर कपडे शिवले मी."

भिंतीशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला हसू आलं नाही. गाठ बटणाएवढीच होती, पण अगदी कातडीत. किरणोपचारात किरणांचा जोर नेमका तिथेच लागावा म्हणून मास्तरांच्या चेहऱ्याचं स्कॅन करून हे आवरण थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं होतं. मध्ये जराही हवा राहून चालणार नव्हती. मास्तर त्याला ठिगळ म्हणत.

मुलीने पडद्यावर जुनं स्कॅन उघडून निरखून पाहिलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी हसत होतात."

"छे! मी कशाला हसतोय?"

"हा बघा ना, गाल वर गेलाय."

बायकोला सगळं आठवलं. त्या दिवशी धाकटी लेक आली होती. दुकान सांभाळणार नाही म्हणून ती घर सोडून निघाली, तेव्हा मास्तर रागाच्या भरात बोलून गेले होते, "गेलीस तर परत येऊ नकोस." बापाचीच लेक ती, शब्द धरून बसली. गाठीचं कळलं तेव्हा कुठे एका दुपारपुरती आली. स्कॅनच्या खोलीच्या दारातून म्हणाली, "बाबा, हलायचं नाही हं!" लहानपणी फ्रॉकचं माप घेताना मास्तर तिला हेच दटावायचे, आणि ती हटकून खुदखुदायची. संध्याकाळी तिने बॅग उचलली. मास्तर तिच्या चपलांकडे बघत बसले, पण 'राहा' काही म्हणाले नाहीत.

"उद्या पुन्हा स्कॅन करू," टेक्निशियन मुलगी म्हणाली. "चेहरा अगदी सैल ठेवा."

"त्याची काळजी नको," बायको म्हणाली. "ती गेल्यापासून सैलच आहे."

मास्तरांनी डोळे वटारले. मग हळूच विचारलं, "हे वाया गेलेलं मी नेऊ का?"

घरी आल्यावर ते आरशासमोर उभे राहिले. ठिगळ गालाला लावलं. फट राहिली. दात काढून मुद्दाम हसून पाहिलं, तरी कड वरच. बायको दारातून सगळं बघत होती. तिचा जीव तुटला.

"तिला फोन लाव," मास्तर आरशातूनच म्हणाले.

"लावते. पण बोलायचं तुम्ही."

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतोय," मास्तर खाकरले. "ठिगळ बसलं नाही. तुझ्यामुळे."

"मी काय केलं, बाबा?"

"हसवलंस मला. उद्या परत माप आहे."

मग ती म्हणाली, "मी येऊ उद्या?"

"उद्या नको!" मास्तर घाईघाईने म्हणाले. "उद्या हसून चालायचं नाही मला. परवा ये." त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "आणि राहा."

ती काय म्हणाली ते बायकोला ऐकू आलं नाही. तिने फक्त आरशात पाहिलं. मास्तरांनी ठिगळ अजून गालाशी धरलं होतं, आणि त्याची कड आता कुठेच उचललेली नव्हती.