सुरूच्या बनाचं दुसरं टोक

अनाक्लेतो काकांनी इंजिन बंद केलं आणि होडी जागच्या जागी डुलू लागली.

"का थांबलो?" इर्मेलिंदाने विचारलं. बुडी मारण्याचा पोशाख तिने कमरेपर्यंत चढवला होता. "जागा अजून पुढे आहे. बेटावरच्या सुरूच्या बनाच्या डाव्या टोकाला दीपगृह टेकलेलं दिसायला हवं."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

काका टोपी काढून डोकं खाजवत राहिले. हा म्हातारा म्हणजे तिच्या वडिलांचा, एवारिस्तोचा, होडीवरचा तीस वर्षांचा जोडीदार. तीन हिवाळे ती इथे बुड्या मारत होती आणि काका धक्क्यावर जाळं सांधत तिला जाताना बघत होते. आज मात्र न बोलावता येऊन सुकाणूशी बसले होते.

जानेवारीच्या पुनवेला मेरो मासे लांबलांबून येतात आणि एकाच ठरलेल्या जागी अंडी घालतात. आसपासच्या बेटांजवळच्या अशा जागा माणसांनी कधीच उपसून रिकाम्या केल्या होत्या. बाबांची एक तरी उरली असेल, या आशेवर इर्मेलिंदा समुद्रशास्त्र शिकून गावी परतली होती. तीन वर्षं तिच्या वहीत शून्याखेरीज काही पडलं नव्हतं. उद्या अहवाल द्यायचा होता. मासेच नसतील तर हिवाळ्यातली मासेमारीबंदी हवी कशाला, असं मत्स्यखात्याच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

"स्वयंपाकघरात सांगितलं होतं ना त्याने?" काकांनी विचारलं.

तिला ते टेबल दिसलं. आई गाबोळी तळायची, वरून लिंबू पिळायची, आणि नऊ वर्षांची इर्मेलिंदा बाबांच्या मागे लागायची, कुठे मिळाले सांगा ना. मग बाबा तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, गुंडाळ्या ओळीने मांडत. ते सुरूचं बन. मिठाची वाटी म्हणजे दीपगृह. ती वाटी ते डाव्या टोकाला सरकवत आणि हळूच म्हणत, इथे.

"हो, स्वयंपाकघरात."

"पोरी, जमिनीवर खुणा उलट्या सांगायच्या असतात. डावीला उजवी म्हणायचं, उजवीला डावी. खिडकीखाली कोण उभं असेल काय नेम? खरं ते होडीत बसल्यावर. पोरगा पहिल्या खेपेला आला की आधी हेच शिकवायचं."

"मला नाही कुणी शिकवलं."

"तुला होडीत घेणार कोण होतं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. तेव्हा गावातल्या मुली होडीत चढत नसत आणि एवारिस्तोला तीन मुलीच होत्या.

इर्मेलिंदा बेटाकडून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं. तीन वर्षं गप्प बसलात."

"बसलो. खरं सांगू? बरं वाटत होतं. तू भलतीकडे शोधत होतीस, तोवर मासे सुखात होते."

"आणि मी? बाबांचे मासे संपले म्हणून गेल्या वर्षी याच होडीत बसून रडले मी."

"माझं चुकलंच." काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "काल मच्छीमार संघाच्या ऑफिसात कळलं, तू 'संपले' असं लिहिणार आहेस. तसं लिहिलंस की मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्याच म्हणून समज. वर गेल्यावर एवारिस्तोला मी काय तोंड दाखवू?"

"बाबा माझ्याशी खोटं बोलले, काका."

"तुझ्याशी नाही गं. तो खिडकीशी खोटं बोलत होता. तू तिथेच बसलेली होतीस, एवढंच."

त्यांनी इंजिनाची दोरी ओढली. बन हळूहळू सरकत गेलं आणि दीपगृह त्याच्या उजव्या टोकाला येऊन टेकलं. इर्मेलिंदाने पाण्यात उडी घेतली.

ऐंशी फुटांवर आधी एक दिसला, मग पाच, आणि मग खडकाची अख्खी उतरणच हलू लागली. वरून काळे, पोटाशी पांढरे, लग्नाला नटल्यासारखे मेरो एकमेकांना घासत फिरत होते. पोटं फुगलेल्या माद्यांच्या मागे चारचार नर लागले होते. तिने मोजायला सुरुवात केली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सहाशेनंतर पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहिणं तिने सोडून दिलं आणि हवा पुरेल तोवर नुसती बघत राहिली.

वर आल्यावर तिने होडीची कड धरली. डोळे लाल झाले होते.

"किती?" काकांनी विचारलं.

"सहाशेच्या पुढे."

"आमच्या वेळी हजारो असायचे," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज कापरा झाला होता.

पाण्यातूनच तिने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबांच्या आणखी जागा होत्या ना? त्याही सांगा मला."

काकांनी खाली वाकून हात पुढे केला.

"सांगतो. आधी होडीत ये."