आकाश पाहणारा नारळ

माझी नात माया नोकरीला लागली त्या साली, म्हणजे २०२३ मध्ये, अकोटजवळच्या एका मठात स्पंदन महाराजाचा दिवा गाजत होता.

"मोबाईल काढा! सेकंद पाहा!" महाराज ओरडायचा. "नेट नाही, घड्याळ नाही, तरी माझा दिवा काळासोबत चालतो! याच्याशी हृदय जुळवा, मरण शिवणार नाही. गोळ्या पेटीत टाका!"

शेकडो मोबाईल वर व्हायचे. दिवा बरोबर सेकंदावर लुकलुकायचा. बाहेर एका बांबूवर त्याचा 'शक्तीचा नारळ' बसवलेला होता. दानपेटीशेजारी गोळ्यांचीही पेटी होती.

माझ्या बायकोच्या, केशरबाईच्या, हृदयाच्या गोळ्यांची नावं वाचता यावीत म्हणून मी पन्नाशीत पाटी धरली होती. त्याच गोळ्या तिनं पेटीत टाकल्या.

"काहून टाकल्या वं?"

"दिवा हाय तोवर मी हाय म्हणते महाराज."

गोळ्या सोडल्याच्या सोळाव्या दिवशी तिचे पाय सुजले. ती दवाखान्यात जाईना. माया पुण्याहून धावत आली. वीजकेंद्रांच्या घड्याळांची वेळ जुळवणारी यंत्रं बनवणं हेच तिचं काम. दिव्याचं दर्शन घेऊन ती म्हणाली, "आबा, दिवा पत्र्याखाली, मग त्याचा नारळ बाहेर बांबूवर काहून?"

"नारळाले आकाश दिसलं पायजे म्हणते महाराज."

माया हसली. "माह्या यंत्रालेबी आकाश दिसा लागते."

गुरुवारी मी मायासोबत स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन मठात गेलो. महाराजाला नुसतं उघडं पाडून माझं भागणार नव्हतं. केशरबाईच्या डोळ्यांदेखत तो थरथरायला हवा होता. तिला पुढे बसवलं आणि गंज नारळावर पालथा घातला.

थोड्या वेळानं दिवा थांबला.

"थेरड्या, काळ थांबवलास!" महाराज किंचाळला.

"काळ चालू हाय, मोबाईल पाय न बाप्पा," पिंटू पानवाला म्हणाला. लोक हसले.

मी महाराजाचं मनगट धरलं. मायानं नाडी मोजली. "एकशे बावीस!"

"काहून महाराज? तुमचं तं काळाशी जुळलं होतं न?"

नारळ दोन फाकी चिकटवून केलेला होता. गंज उचलून मायानं तो उघडला. आत अँटेना होती, तिची वायर बांबूतून दिव्याखालच्या डब्यात गेलेली. डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर.

"उपग्रहांवरून दर सेकंदाला एक ठोका मिळतो," ती लोकांना म्हणाली. "कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. त्यातला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम हा ठोका एका पिनेवर, म्हणजे तार जोडायच्या टोकावर, ओळखतो. इको नावाचा पर्याय चालू केला की तोच ठोका दुसऱ्या पिनेवर पाठवतो. तिथं हा दिवा जोडलाय."

तोवर उघड्या अँटेनेवर मी पुन्हा झाकलेला गंज तिनं काढला. दिवा पुन्हा लुकलुकू लागला. मग तिनं लॅपटॉप जोडला; महाराजानं कंपनीचा साधा पासवर्डही बदलला नव्हता. तिनं इकोची ओळ पुसली, डबा बंद करून परत सुरू केला. नारळ आकाशाखाली उघडा, दिवा मात्र विझलेला.

"आता जुळव लेका तुहं हृदय!" मी म्हणालो. तो थरथरत होता. मी डोळे भरून पाहिलं.

केशरबाई म्हणाली, "माया, माह्या गोळ्या काढ वं."

लोक पेटीवर तुटून पडले. पाकिटं एकमेकांत मिसळली होती. मी एकेका गोळीचं नाव मोठ्यानं वाचून ज्याची त्याला दिली.

पोलिसांनी धरलेला महाराज आता जामिनावर आहे. दर तारखेला मी कोर्टात पुढच्या बाकावर बसतो, त्यानं मला पाहावं म्हणून. आणि तुम्हाला सांगतो, दिवा सेकंद मोजतो, आजार नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी त्यावर गंज झाकून पाहा.

केशरबाई ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमरावतीच्या दवाखान्यात वारली. त्या गुरुवारपर्यंत तिच्या गोळ्या एकोणीस दिवस बंद होत्या.