हात फिरवून येते

"चार तास चाळीस मिनिटं," अण्णा म्हणाले. "पुन्हा तेवढंच. बघ, थांबलं."

मागच्या खोलीत ते चाक उभं होतं, माझ्या छातीएवढं, लोखंडी, हिरव्या रंगाचं. अण्णांच्या हातात स्टॉपवॉच होतं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. आईला जाऊन बारा दिवस झाले होते आणि माझे वडील चाकाचा आजार शोधत होते.

अण्णा कारखान्यात बेअरिंग बसवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे चाक केलं. एकदा ढकललं की आपोआप फिरत राहणारं, वीज नाही, तेल नाही, काही नाही. खोलीच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती : "बाहेरची शक्ती : शून्य". अकरा वर्षं ते फिरलं, खोटं कशाला बोलू. समोरचा दुकानदार येऊन बघून जायचा आणि म्हणायचा, "फुकट ते पौष्टिक, अण्णा! माझं गिरणीचं बिल भरेल का हे?" अण्णा म्हणायचे, "आधी फिरू दे. वीज नंतर काढू." डायनॅमो जोडायचा विषय निघाला की आईच आडवी यायची. "एवढ्यात नको हो. त्याला त्रास होईल." जणू चाक म्हणजे बाळंतीण!

मी वीज कंपनीत मीटर तपासते. एकवीस वर्षं लोकांची चोरी पकडतेय. फुकटात काही फिरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. कुठूनतरी येतंच. म्हणून दर सुट्टीत मी अण्णांच्या पाठीमागे ते चाक तपासायचे. तार शोधली, लोहचुंबक शोधलं, फरशीसुद्धा उचकटून पाहिली. काही सापडलं नाही. एकदा आईने मला तिथे गुडघ्यांवर पाहिलं, तेव्हा ती चिडली होती. "तुला काय करायचंय गं? घरात एक वस्तू त्यांच्या मनासारखी चाललीय, तेवढी चालू दे की!"

मग आईचं हृदय दमलं. दवाखान्यात चार दिवस आम्ही दोघं तिच्या उशाशी होतो. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "यांची झोप कशी आहे?" अण्णा म्हणाले, "कसली झोप! म्हातारीला रात्रीसुद्धा उठून पाणी लागतं. तहान वाढलीय." आई डोळे मिटून हसली होती. घरी परतलो तर मागच्या खोलीत चाक थांबलेलं.

"तिच्यामागे थांबलं ते," अण्णा तेव्हा म्हणाले होते. माझ्याही अंगावर काटा आला होता, का लपवू.

आता मात्र त्यांना कारण हवं होतं. जेवण सुटलं होतं. ढकलायचं, घड्याळ लावायचं, थांबलं की खोलायचं, पुसायचं, पुन्हा ढकलायचं.

"तू सांग," ते म्हणाले. "तू तपासणारी ना? कुठे बिघडलंय?"

"अण्णा, आधी दोन घास खाऊन घ्या."

"घास राहू दे. आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस, वेड लागलं म्हणतील. मला त्या खोलीची कडी वाजलेली ऐकू येते. तिच्या हातची. उठून बघतो तर कुणी नाही."

"केव्हा ऐकू येते?"

"ठरलेल्या वेळा आहेत. पहाटे पाचला. मग नऊला. एकला, पाचला, रात्री नऊला. मग एकला. घड्याळ लावून घे."

मी चाकाकडे वळले. पाच, नऊ, एक. दर चार तासांनी. चाक थांबायच्या आधी चाळीस मिनिटं.

काठाच्या डाव्या अंगाला गोल फिरून एक पट्टा चकचकीत झाला होता. सगळीकडे हिरवा रंग, आणि तेवढ्या पट्ट्यात उघडं लोखंड, तळहाताएवढं रुंद. मी तो कितीदा पाहिला होता. पुसून पुसून गेला असेल, असंच वाटायचं. कारण आई स्वयंपाकघरातून निघताना रोज तेच म्हणायची, "जरा चाकावरून हात फिरवून येते हं." धूळ पुसायला जातेय, असंच आम्ही दोघं समजायचो. अकरा वर्षं मी तार शोधली. आईकडे पाहिलंच नाही. माझ्या डोळ्यांची मला लाज वाटली.

"काय गं? सापडलं?"

"बेअरिंग गेलंय, अण्णा." एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा खोटी नोंद सांगितली.

"बेअरिंग?" ते उठलेच. "मी बसवलेलं बेअरिंग? काहीतरी बोलू नकोस. कुठे बघत होतीस तू?"

मी बाजूला झाले नाही, तर त्यांनीच मला दूर सारलं. तो पट्टा पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. मग ओठांतल्या ओठांत वेळा मोजल्या. पाच, नऊ, एक.

"हात फिरवून येते म्हणायची," ते म्हणाले.

"हो."

"रात्री एकला. पहाटे पाचला. थंडीत, तापात." त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "आणि मी दवाखान्यात सांगितलं, म्हातारीला तहान लागते!"

मला रडू आवरेना. त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी काठाला हात घातला. "फिरवू का, अण्णा? मी येत जाईन. रजा टाकेन."

"नको. तिथे हात लावू नकोस."

त्यांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. मग आपला तळहात त्या उघड्या लोखंडावर टेकवला. आई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिच्या हाताची ढकलायची जागा बरीच खाली होती आणि तिथवर पोचायला अण्णांना वाकावं लागलं.