सर्दी होईल म्हणून

ड्युटी संपत आली की माझे पाय माझे राहत नाहीत. त्यात कोपऱ्यातल्या खाटेवरचे कंडक्टरकाका. बसमध्ये जन्मभर ‘पुढे सरका’ म्हणून ओरडलेला माणूस. घशातल्या गाठीने श्वासाची वाट अडवली, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीतून श्वास चालतो, पण आवाज फुटत नाही आणि कफ धड बाहेर पडत नाही. तो मशीनने ओढून काढावा लागतो.

घरी गेल्यावर हे सक्शन काकूंनी करायचं होतं. घरात दोघंच. काकूंना जमलं तर काका घरी जाणार, नाहीतर पेशंट सांभाळणाऱ्या संस्थेत. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हाच काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी रोज शिकवत होते. “बारीक नळी हळूच आत सोडा. बाहेर काढताना तिच्यावरचं भोक अंगठ्याने दाबा, म्हणजे कफ ओढला जाईल. आणि तेवढा वेळ स्वतःचा श्वास रोखून धरा. तुमचा जीव घाबरला की समजायचं, त्यांचाही घाबरला.”

काकू श्वास धरायच्या, पण काका खोकले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की अर्ध्यातच हात मागे. “पुरे हो सिस्टर, त्यांना त्रास होतोय.”

“कफ आत राहिला तर जास्त होईल.”

“ते खरंच आहे,” म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. मला राग यायचा. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं माणसाने?

त्या दुपारी मी शेवटची फेरी मारायला गेले, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय. बघा, आज घरघरसुद्धा नाही.”

काका झोपले नव्हते. त्यांचे ओठ निळे पडले होते, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि नळीतून हवेचा आवाज नव्हता. मी डॉक्टरांना हाक मारली आणि डॉक्टर येईपर्यंत गळ्यातल्या नळीच्या आत बसवलेली दुसरी नळी काढली. वाळलेल्या कफाने ती गच्च बुजली होती. बाहेरच्या नळीची वाट मोकळी झाली तशी हवा आत शिरली. आत नवी नळी बसवली, ऑक्सिजन लावला, आणि हळूहळू ओठांवर रंग आला.

गळ्यासमोर सतत चालू असायला हवा तो वाफेचा मास्क उशाशी पडला होता.

“हा कोणी काढला?”

“मीच. सकाळपासून गळा सारखा ओला होत होता,” काकू म्हणाल्या. “सर्दी होईल म्हणून पुसून कोरडा ठेवला.”

“अहो, तो ओलावाच हवा असतो. कोरडा पडला की कफ वाळतो. सर्दी कसली घेऊन बसलात, आज माणूस गेला असता!” सगळ्या वॉर्डाने ऐकलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

काकू रडल्या नाहीत. थोड्या वेळाने काकांच्या नळीत पुन्हा घरघर सुरू झाली, तेव्हा त्या उठल्या, हात धुतले, हातमोजे चढवले. “मी करते.”

काकांनी त्यांचा हात ढकलला.

“ढकला हवं तेवढं. जन्मभर लोकांना दम दिलात, आता माझं ऐका.”

त्यांनी श्वास धरला. काका खोकले, डोळे भरले, पण काकूंचा हात मागे आला नाही. सगळा कफ ओढून नळी बाहेर काढली तेव्हा त्यांचाच चेहरा लाल झाला होता. मास्क त्यांनी जागेवर बसवला.

“जमलं,” मी म्हटलं. “आता घरी नेता येईल.”

त्यांनी हातमोजे काढून टाकले. मग म्हणाल्या, “सिस्टर, आजही मी इथेच बसले होते. घरी तर मी एकटीच. मला डोळा लागला तर?”

  मी खाटेजवळची खुर्ची ओढली, दुखरे पाय लांब केले आणि म्हटलं, “आत्ता झोपा थोडं. मी बसते.”