रात्रीपुरती आत्या

जशीबेन आयाने वॉर्डाच्या दाराची एक फळी लावून घेतली आणि दुसरी हाताने धरून ती उभी राहिली. आत अजून दोन-चार बाप रेंगाळत होते. कुणी पोराच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं करत होता, कुणी बायकोला काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत वळत होता. एकेक करून ते मान खाली घालून तिच्यासमोरून बाहेर पडले. उखा तेवढा आपल्या पोरीच्या, योगिताच्या खाटेपासून हलला नाही.

"भाई, बहार," जशीबेन म्हणाली. "रातना भाईओने रहेवानुं नथी."

उखाला ते ठाऊक होतं. मुलांच्या वॉर्डात रात्री फक्त बाईमाणसाने राहायचं, असा त्या दवाखान्याचा नियम होता आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक खाटेखाली एकेक आई सतरंजी टाकून निजायची, लेकराला अंगावर पाजायची. तिथे परक्या पुरुषाचं काय काम? पण योगिताची आई सुरतेत नव्हती. सिंधू बाळंतपणासाठी पारोळ्याकडे माहेरी गेलेली, तिच्या कुशीत आठवड्याचं पोर. भुसावळ पॅसेंजरने गावी निघालेल्या एका ओळखीच्याबरोबर उखाने निरोप धाडला होता, पण त्यात पोरीला ताप आहे एवढंच सांगितलं होतं. मेंदूज्वर हा शब्द त्याने निरोपात घातला नव्हता. ओल्या बाळंतिणीने तो ऐकला असता तर ती पोर टाकून निघाली असती.

पहिल्या काही रात्री शेजारच्या उषाबाईने काढल्या. लिंबायतच्या एकाच गल्लीत दोघांची दारं. पण तिचीही पोरं लहान, आणि नवऱ्याची पाळी आता रात्रीची. सकाळी जाताना तिने अवघडून सांगितलं, भाऊ, आज मला जमायचं नाही. उखाने तिला बोल लावला नाही. दिवसभर तो आणखी कुणाला विचारावं याचाच विचार करत होता. कुणाच्या दारात उभं राहून, तुमची बाई एका रात्रीसाठी द्या, असं कसं म्हणायचं? यंत्रमागाच्या खात्यात त्याने बारा-बारा तास उभं राहून काढले होते, पण हे वाक्य काही त्याच्या तोंडातून निघेना.

"बाईमाणूस कोई नहीं है," तो जशीबेनला म्हणाला. "मैं बाहर वऱ्हांडे में खडा रहूंगा."

जशीबेन वाईट बाई नव्हती. पण वऱ्हांडाही वॉर्डातच मोडतो, असं तिचं म्हणणं पडलं. सिस्टरला सांगते, ती बघेल पोरीकडे, असंही ती म्हणाली. चाळीस लेकरांमागे एक सिस्टर. उखाने खाटेच्या लोखंडी दांडीवर हात घट्ट धरला होता. पोरीच्या हाताला सलाईन लावलेलं, डोळे अर्धे मिटलेले. ती मधूनच नुसती कण्हत होती.

तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"ती माझी भाची हाय. मी आत्या हाय तिची. मी बगते."

ती धुरपदाबाई. जिंतूरकडची. इच्छापोरला बांधकामावर विटा वाहायची. नवरा किसन हजीऱ्याला ठेकेदाराकडे होता, तिथेच मजुरांच्या पत्र्याच्या वस्तीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी तेवढा दवाखान्यात यायचा. त्यांचा एकुलता एक पोरगा परमेश्वर, घरातला परमू, चार वर्षांचा. लघवीच्या आजाराने त्याचं अंग सगळं सुजलं होतं. डोळे फुगून नुसत्या फटी राहिलेल्या, पायावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

जशीबेनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. उखा खानदेशातला, ती मराठवाड्यातली, दोघांच्या बोलीत कितीतरी कोसांचं अंतर. पण गुजराती कानाला दोन्ही बोली सारख्याच. मग इतके दिवस का बोलली नाहीस, असं तिने विचारलं. धुरपदाबाईने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, भावाशी अबोला होता.

जशीबेनला खरं वाटलं की नाही, देव जाणे. तिने मानेनेच उखाला बाहेरची वाट दाखवली. जाताना उखा धुरपदाबाईजवळ थांबला. ती म्हणाली, "जावा दादा. मी हाय की."

पुरुषांसाठी सायकलस्टँडलगत पत्र्याची शेड होती. मगन नावाचा चौकीदार तिथे बापांना झोपू द्यायचा, विडी तेवढी ओढू द्यायचा नाही. उषाबाई वर असताना उखाला तिथे डोळा लागला नव्हता. त्या रात्री, एका अनोळखी बाईच्या भरवशावर पोरगी टाकून, तो का कोण जाणे पण झोपला.

सकाळी फाटक उघडलं की तो आधी नळावर तोंड धुऊन मग वर जायचा. दिवसा बापांना मुभा होती, तरी त्याचा जीव कोंडायचा. समोरच्या खाटेवरची बाई पोराला पाजायला घ्यायची आणि त्याला पाहून पदर ओढायची. म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. पोरीला भांडं द्यायचं, कपडे बदलायचे, तर तो चादरीचा आडोसा करायचा आणि त्याच्या हातातून सगळंच निसटायचं. सात वर्षांत त्याने पोरीची वेणी कधी घातली नव्हती. धुरपदाबाई एक दिवस ते बघत राहिली आणि मग उठून तिने सगळं त्याच्या हातातून घेतलं. "भिताडाकडं तोंड करून किती दिस काढताल," असं म्हणून तिने त्याला परमूच्या खाटेवर बसायला लावलं. तेव्हापासून कामाची वाटणी झाली. ती पोरीचं करायची आणि उखा परमूला खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत फिरवून आणायचा. सुजेने पोरगा जड झाला होता. जिन्याच्या खिडकीतून रिक्षा दिसल्या की तो त्या बारीक फटींतून बघायचा आणि उखाच्या कानाशी एकेकीला "भुर्र" म्हणायचा.

जशीबेन आता उखाला 'परमूना मामा' म्हणू लागली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोघांनीही खाली बघितलं. नंतर सवय झाली. तापाच्या गुंगीत योगिताही धुरपदाबाईला आत्या म्हणू लागली.

योगिताचा ताप उतरू लागला त्याच दिवशी परमूला धाप लागली. दुपारची जेवणं चालली होती. धुरपदाबाई त्याला वरणभात कालवून भरवत होती, तर दुसऱ्या घासाला त्याने तोंड फिरवलं. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होऊ लागली. सिस्टर धावत आली, मग डॉक्टर आले, आणि त्याला उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. धुरपदाबाईला दाराशीच थांबवलं. भाताचं ताट तिच्या हातात तसंच होतं. उखाने ते घेतलं आणि कुठे ठेवावं ते न कळून खाटेखाली सरकवलं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घामाघूम झाले होते. बाईशी बोलायचं त्यांच्याने होईना. त्यांनी उखाला बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, "आप मामा हैं ना?"

उखाने हो म्हटलं.

मग डॉक्टरांनी त्याला सांगितलं. त्याला धुरपदाबाईला सांगावं लागलं नाही. त्याने वळून पाहिलं तेव्हा ती खाली बसलेली होती.

लेकरू उखाच्याच हातात दिलं गेलं. किसनला कळवायचं होतं, पण हजीऱ्याच्या त्या वस्तीत फोन कुठला? उखाच्या खात्यातला लक्ष्मण नेमका त्या दुपारी डबा घेऊन आला होता, त्याला उखाने तसाच हजीऱ्याला पिटाळलं. तोवर वॉर्डात थांबता येणार नव्हतं. बाकीच्या आया आपापली पोरं छातीशी धरून दुसरीकडे पाहत होत्या. परमूला चादरीत घेऊन उखा खाली आला आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला लिंबाखालच्या ओट्यावर बसला. धुरपदाबाई त्याच्या शेजारी बसली. ती रडत नव्हती. चादरीतून बाहेर आलेलं पोराचं पाऊल ती पुन्हा पुन्हा आत सारत होती.

वर योगिता एकटी होती. सलाईन संपत आलं असेल, हात हलवला तर सुई निघेल, तिने डोळे उघडले आणि कुणीच दिसलं नाही तर काय, हे सगळं उखाच्या मनात येत होतं. मांडीवरच्या ओझ्याने पाय बधिर झाले होते. धुरपदाबाई न बघताच म्हणाली, "वर जावा दादा. पोरगी एकली हाय. लेकरू माझ्यापाशी द्या."

उखाने दिलं नाही आणि तो उठलाही नाही. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. त्या क्षणी त्याच्या मनात एवढंच होतं, की हे लेकरू आता हिच्या एकटीच्या मांडीवर ठेवायचं नाही.

उन्हं कलल्यावर किसन आला. अंगावर सिमेंटचे डाग, पायात एकच चप्पल, दुसरी कुठे गळून पडली होती. ओट्याजवळ येऊन तो थबकला. त्याची बायको एका परक्या माणसाला चिकटून बसलेली, आणि त्या माणसाच्या मांडीवर त्याचा मुलगा. किसनच्या सुट्टीच्या दिवशी उखा लाजून खालीच थांबायचा, म्हणून दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"हे कोन?" किसनने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण सरळही नव्हता.

धुरपदाबाईने वर पाहिलं. "माझा भाऊ हाय," ती म्हणाली.

किसनला तिचे सगळे भाऊ तोंडपाठ होते. दोघे जिंतूरला शेतावर होते, एक लहानपणीच गेलेला. तो उखाकडे बघत राहिला. मग गुडघे टेकून त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि उखाने मुलगा त्याच्या हातांवर ठेवला.

लहान लेकराला जाळत नाहीत. नदीकाठी पोराला माती द्यायला तिघेच होते, किसन, लक्ष्मण आणि उखा. किसनच्या हाताला कुदळीची रोजची सवय, पण त्या दिवशी ती त्याच्या हातात नीट बसेना, तेव्हा उखाने ती घेतली. उखा परत आला तर वॉर्डात उषाबाई होती. लक्ष्मणने कुणाकडून तरी तिच्या कानावर घातलं होतं आणि ती नवऱ्याला न विचारताच निघून आली होती.

पुढच्या रात्रीही उषाबाईच राहिली. तिसऱ्या दिवशी तिसरा प्रहर सरला तशी आज रात्री कोण, हीच काळजी उखाला पुन्हा लागली. बापांची बाहेर पडायची वेळ झाली, जशीबेन दाराशी येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागून धुरपदाबाई आत आली. धुतलेलं लुगडं, केस तसेच ओले. खाली फाटकाशी किसन उभा होता. त्याने उखाला नंतर सांगितलं ते एवढंच, की ती घरात बसेना, ती पोरगी एकली असंल म्हणून एकच धोशा लावला.

परमूच्या खाटेवर दुसरं लेकरू आलेलं होतं. धुरपदाबाई तिकडे पाठ करून योगिताजवळ बसली. जशीबेनने आपणहून तिला पांघरायला दवाखान्याची घोंगडी आणून दिली, जी ती कुणाला देत नसे.

सकाळी उखा वर गेला तेव्हा योगिता उशीला टेकून बसलेली होती. डोळे स्वच्छ. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिने त्याला नीट ओळखलं आणि ती हसली. उखाला भडभडून आलं. धुरपदाबाई मात्र हसत नव्हती. तिने त्याला खाटेच्या मागच्या बाजूला बोलावलं.

"दादा, पहाटं आयाच्या हातून भांडं पडलं," ती म्हणाली. "समदी लेकरं दचकली. ही नाही दचकली. म्हनून मी मागून हाक मारली. लई हाका मारल्या." तिने पोरीकडे हात केला. "तुमी मारून बगा."

उखा पोरीच्या पाठीमागे उभा राहिला. "योगी," त्याने हाक मारली. "ओ योगी, मी आठेच शे." मी इथेच आहे, हेच मग आणखी मोठ्याने. समोरच्या खाटेवरच्या बाईने मान वर केली. योगिता आपल्या हाताची पट्टी निरखत बसली होती.

डॉक्टरांनी फेरीच्या वेळी कानाजवळ घंटी वाजवून पाहिली, चुटकी वाजवून पाहिली. या तापात असं होतं, ते म्हणाले. दोन्ही कान. ऐकणं परत येईल असं सांगता येत नाही.

ते पुढे गेल्यावर उखा स्टुलावर बसला तो बसलाच. सिंधूला काय सांगायचं, हे त्याच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं. धुरपदाबाई त्याच्याजवळ उभी होती.

"जीव ऱ्हायला दादा," ती म्हणाली. "जीव हाय तिचा."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर उखाला राग आला असता. तिच्यापुढे त्याने मान हलवली.

किसनने ठेकेदाराचं काम सोडलं होतं. त्याच दिवशीच्या गाडीने दोघं गावाकडे निघणार होते. धुरपदाबाईने योगिताची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली, हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला, जरा वेळ तसाच धरला, आणि मग ती गेली. दाराशी तिने जशीबेनला सांगितलं, माझ्या भावाला आता दिवसा-रात्री राहू दे.

योगिता दाराकडे बघत होती.

"आत्या कोठे गयी?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो सबंध वॉर्डभर गेला. चाळीस खाटांवरची माणसं वळून बघायला लागली.

उखा उठून तिच्यासमोर आला. मागाच्या खात्यात खडखडाटापायी कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळे कामगार हाताच्या खुणांनीच बोलतात. त्याने हात वर केला आणि लांब, फार लांब, असं दाखवलं.

"परत यी का?"

त्याने हात आडवा हलवला. पोरीने तो नीट पाहून घेतला.

"बरं," ती म्हणाली, तेवढ्याच मोठ्याने.