जाळीखालची फट

कुंपणाच्या जाळीखालची फट डाव्या टोकाला साडेसात सेंटिमीटर होती आणि उजव्या टोकाला सहा पूर्णांक दोन. मोजताना जाळीला धक्का लागू नये म्हणून मी ओल्या जमिनीवर पालथी पडले होते. भिंगरी माझ्या कानाशी बसून बघत होती. दुसऱ्याचं काम बघायला माणसं बसतात, तशी निवांत.

भिंगरी ही आईची कुत्री. वजन चार किलो एकशे वीस ग्रॅम. वजन सांगितल्याशिवाय मला कुणाची ओळख करून देता येत नाही, कारण मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्यांचे काटे किती चुकतात हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मी किती चुकते हे सांगायला घरात आई आहे.

साडेपाच महिन्यांपूर्वी आई तिच्या घराच्या पायरीवरून घसरली, मांडीचं हाड मोडलं आणि ती भिंगरीसकट माझ्याकडे आली. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता मोकळेपणानं चालू द्या. मी म्हणाले, बघू. तेव्हापासून आई रोज विचारायची, "मी घरी कधी जाऊ?" आणि मी एखादी नवी चाचणी काढायची. सध्याची चाचणी अशी होती: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, तेही बारा सेकंदांत. आईला चौदा लागायचे. मी वहीत चौदा लिहायची. लिहिताना मला जरा हायसं वाटायचं, हे मात्र मी वहीत लिहिलेलं नाही.

भिंगरी पहिल्यांदा पळाली ती जाळीखालची माती उकरून. तिला आणायला आई काठी टेकत एकटीच कोपऱ्यापर्यंत गेली. मी कामावरून आले तेव्हा दोघी मागच्या दारात बसल्या होत्या. दोघींना धाप लागलेली आणि दोघी भलत्याच खुशीत. मी त्यातली फक्त धाप टिपली.

"परत एकटीनं बाहेर पडायचं नाही," मी आईला बजावलं.

"आणि ही पळाली तर?"

"ती पळणार नाही. ते मी बघते."

आई भिंगरीकडे वळली. "ऐकलंस ना गं? आपण आपलं दिलेल्या कोपऱ्यात पडून राहायचं." लेकी बोले सुने लागे. पण मी त्या वेळी फटीचा विचार करत होते.

मी फटीत विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या पोटाखालच्या केसांत कुसळं सापडली. आमच्या अंगणात कुसळांचं गवत नाही.

"कुठे गेली होती ही?"

"आली असेल फिरून. परत आली ना?" आई वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाली.

"पण गेली कुठून?"

"ते तू शोध, बाई. एवढं शिकवलं कशाला तुला?"

मी शोधायला लागले. भिंगरीच्या डोक्याची रुंदी मोजली, छातीचा घेर मोजला, ओल्या अंगानं आणि कोरड्या अंगानं. मग कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावून जाळीच्या तळाशी लोखंडी पट्टी लावून घेतली.

"ताई, कुत्री आहे की वाघीण?" त्यानं विचारलं आणि तो आईकडे बघून हसला. आईला नेमका तेव्हाच खोकला आला. मी तिला पाणी आणून दिलं.

कुसळं येतच राहिली. मग मी मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि चावी स्वयंपाकघरात एकशे साठ सेंटिमीटर उंचीवरच्या खिळ्याला टांगली. भिंगरीनं कितीही उडी मारली तरी तिथवर पोचू नये, असा हिशेब होता. हिशेब बिनचूक होता. भिंगरी तिथवर कधीच पोचली नाही.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्यानं एकदा अंगणात चक्कर मारली, पट्टी पाहिली, कुलूप पाहिलं.

"देशांच्या सीमासुद्धा याहून ढिल्या असतात," तो म्हणाला.

"म्हणूनच तिथून लोक जातात-येतात," मी म्हणाले. मला ते उत्तर चांगलं वाटलं होतं.

शेवटी मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. सकाळी कामावर जाण्याआधी कुंपणाच्या कडेनं आणि फाटकापाशी टाल्कम पावडर पेरली. ठसे कुठून बाहेर जातात ते कळलं की काम झालं. संध्याकाळी येऊन पाहिलं तर कुंपणाच्या कडेची पावडर जशीच्या तशी होती. फाटकापाशी मात्र भिंगरीची पावलं होती आणि त्यांच्या शेजारी गोल ठसे. व्यास तेहतीस मिलिमीटर, दोन ठशांमधलं अंतर साधारण साठ सेंटिमीटर.

मी उकिडवी बसून विचार केला. बाटलीचं झाकण? पण एवढ्या सारख्या अंतरावर? कुणीतरी चेंडू टप्पे टाकत नेला असेल? चांगली पंधरा मिनिटं मी त्या गोलांची माझ्या वहीत आकृती काढत होते.

"चहा टाकलाय गं," मागून आई म्हणाली. टक, टक, टक. काठी माझ्या वहीशेजारी येऊन थांबली. काठीच्या रबराची कड पांढरी होती.

ते रबर मीच निवडलं होतं. पाच रबरं ओल्या फरशीवर घासून पाहून, सगळ्यात कमी घसरणारं. दुकानदार अजून माझी आठवण काढत असेल. काखेत कळसा, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे.

मी वही मिटली आणि चहा प्यायला आत गेले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि वेल्डरच्या दुकानामागे जाऊन उभी राहिले. त्यानं मला एक स्टूल दिलं.

"बसा. अकराला जातात त्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पट्टी लावा म्हणालात, लावली. आजी कुठून जातात ते तुम्ही कुठे विचारलंत?"

अकराला तीन मिनिटं कमी असताना त्या आल्या. भिंगरी पुढे, तिच्या गळ्यात माझ्या जुन्या गाऊनचा पट्टा. आईनं रस्त्याच्या कडेला थांबून दोन्हीकडे पाहिलं, रिक्षा जाऊ दिली, मग रस्ता ओलांडला. वेल्डरला काठी उंचावून दाखवली. मी आणखी मागे सरकले. खिशातलं घड्याळ माझ्या हातानं आपोआप सुरू केलं होतं. दोन खांबांमधलं तीस मीटर अंतर आईनं चौतीस सेकंदांत कापलं. या वेगानं उठणं-बसणं धरूनही चाचणी दहा सेकंदांत व्हायला हवी.

आई बसस्टॉपवरच्या बाकावर बसली. बस आली, दार उघडलं, दोन माणसं चढली, दार मिटलं. आई बसल्या जागेवरून दाराकडे बघत राहिली. मी जाऊन शेजारी बसले.

"पावडर माझी होती," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "अख्खा डबा उधळलास."

"तू रोज येतेस इथे?"

"भिंगरीला पाय मोकळे करायला लागतात."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"बरं. मला लागतात."

"आत्ता गेली ती बस तुझ्या घराकडे जाते."

"माहीत आहे. दर वीस मिनिटांनी असते."

"मग चढली का नाहीस?"

"हिला घेत नाहीत बसमध्ये. पहिल्याच दिवशी विचारलं मी." तिनं भिंगरीच्या कानातलं एक कुसळ काढून टाकलं. "नाहीतर कधीच गेले असते."

पाय मोडलेल्या बाईला अशा फिरण्याचा किती धोका आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण माझ्या खिशात चौतीस सेकंद होते.

"घरी चौदा सेकंद कसे लागतात तुला?"

"तू घड्याळ घेऊन समोर उभी असतेस. तोंड असं करतेस, की ही आत्ता पडणार. मग मलाही वाटायला लागतं, पडेन बहुतेक." तिनं भिंगरीचा पट्टा मनगटाला गुंडाळला. "आणि बारा झाले असते तर तू दहा म्हणाली असतीस."

वहीच्या पुढच्या पानावर मी 'दहा' आधीच लिहून ठेवलं होतं.

आई पडली त्या दिवशी ती पायरीवर दीड तास पडून होती. तिनं मला अकरा वेळा फोन केला. माझा फोन प्रयोगशाळेच्या बाहेर, खणात होता; नाजूक काट्याजवळ फोन ठेवत नाहीत. नियम मीच केलेला. तेव्हापासून मी मोजते आहे ते सगळं त्या दीड तासाच्या पुढे लावलेल्या विटा आहेत. हे आईला सांगायची गरज नव्हती. तिला ते माझ्या आधीच कळलं होतं.

"तू फोन बाहेर ठेवतेस त्याला माझी हरकत नाही," ती म्हणाली. "माझ्या शेजारणीकडे घराची दुसरी चावी देऊन ठेवू. मी रोज सकाळी तिच्या दारावर टकटक करीन. नाही केली, तर ती येईल. एवढी साधी गोष्ट आहे."

दुसरी बस आली. ड्रायव्हरनं आईला ओळखून मान हलवली. भिंगरी उठून उभी राहिली, दाराकडे पाहिलं आणि परत बसली. तिला नियम पाठ झाला होता.

दार मिटायच्या आत मी बोलले, आणि गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच, कारण ड्रायव्हरसुद्धा वळून बघायला लागला.

"शनिवारी, आई. शनिवारी मी तुला तुझ्या घरी सोडते. दोघींना. गाडीनं."