गाडी भरल्याशिवाय हलणार नाही

आमच्या आप्पाला आठवड्यातून दोनदा धुवावं लागायचं. म्हणजे त्याचं रक्त. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी आठला, दौंडला, डायलिसिसच्या मशीनवर. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, त्यामुळे कागदपत्रं शिरूरला आणि आजारपण दौंडला. एसटी यायची दहाला. मोटारसायकलवर मागं बसवलं की आप्पाला चक्कर यायची.

तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेनं गावाला सामायिक गाडी दिली. संस्थेच्या सुलक्षणा मॅडमनी समाजमंदिरात पडद्यावर दाखवलं की एक भरलेली गाडी रस्त्यावरच्या सहा गाड्या कमी करते. आमच्या गावातून सकाळी दौंडला सहा गाड्या जातच नव्हत्या, पण कमी होणार म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियम दोनच. एका मोबाईलवर एकच सीट. आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या सहा सीटा भरल्या तरच गाडी हलणार.

आप्पा एक, मी दोन. अजून चार माणसं हवी होती, आणि गावात कुणालाही सकाळी पावणेसातला दौंडला काही काम नव्हतं.

मग मी कामं तयार केली. तानुबाईला सांगितलं, दौंडला गावरान अंड्यांना दुप्पट भाव आहे. जयसिंग नानांना सांगितलं, तिथला एक मालिशवाला गुडघे नवे करून देतो. सत्यजीत दोन वर्षं पारावर बसून होता. त्याला म्हटलं, दौंडच्या पुढं कुरकुंभला केमिकल कंपनीत भरती चालू आहे. गौतमीला स्पर्धा परीक्षेचा क्लास सांगितला. चारही गोष्टी मी उभ्या उभ्या रचल्या होत्या.

दुर्दैव असं की चारही खऱ्या निघाल्या. तानुबाईची अंडी स्टेशनपर्यंत पोचायच्या आत संपायची. नानांनी काठी सोडली. सत्यजीत कुरकुंभला गेला त्याच्या आदल्या दिवशीच तिथला एकजण काम सोडून पळाला होता. गौतमी पूर्वपरीक्षा पास झाली. हे बघून बाकीच्या गावालाही दौंडला कामं आठवली. दोन महिन्यांत गाडीला वेटिंग लागलं. मी माझी सीट सोडली आणि गाडीच्या मागून मोटारसायकलवर जाऊ लागलो. पर्यावरणाला तेवढं सोसावं लागलं.

एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला बुकिंग उघडलं आणि वीज गेली. विजेबरोबर टॉवर गेला. सहा वीसला माझ्या मोबाईलवर रेंज आली, तेव्हा मेसेज होता : गाडी भरली, धन्यवाद.

तरी शनिवारी सकाळी आप्पाला घेऊन मी गाडीपाशी गेलो. सुजलेले पाय चपलेत जात नव्हते, म्हणून तो माझ्या बुटांत, नाड्या सोडून उभा होता.

"नाना, आजच्या दिवस उतरा," मी म्हणालो.

"विनोद, मालिशीत खंड पडला तर पयल्यापासनं सुरू, असं म्हनलाय त्यो."

"सत्या?"

"एक खाडा झाला की काढत्यात. आन् कामाला लावलं कुनी? तूच ना?"

गौतमीनं पुस्तकातनं मान वर केली नाही. मागच्या सीटवरचे दोघं शेजारच्या गावचे होते, आमच्या गाडीची कीर्ती ऐकून आलेले. ते झोपले होते. डोळे इतके घट्ट मिटून कुणी झोपत नाही.

"इंद्रजीत, सातवा घे की," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"निघताना फोटू पाठवावा लागतो, भाऊ. सात डोकी दिसली की माझं डोकं जातंय."

तानुबाईच्या मांडीवर अंड्यांची पाटी होती. ती म्हणाली, "आप्पा, तुमीच सांगा. कुनी उतरायचं?"

आप्पानं एकेकाकडं नीट बघितलं. वेळ लागला त्याला. मग म्हणाला, "कुनी नगं. भरली गाडी हाय, जाऊ द्या. उशीर हुतोय पोरास्नी."

गाडी गेली. मी मोटारसायकल काढली. आप्पा ओढ्यापर्यंत टिकला. तिथं बांधावर त्याला झोपवून मी फोन लावत बसलो. नऊला एक पिकअप मिळाली, कांद्याची. दहाला दौंडला पोचलो, तर मशीनवर दुसराच म्हातारा होता, नळ्या लावलेला. त्याला उतरा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. सिस्टर म्हणाली, आज सगळी मशीन फुल आहेत, मंगळवारी या.

रविवारी आप्पाला धाप लागली. संध्याकाळी सुलक्षणा मॅडमचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलं होतं, खूप वाईट वाटलं होतं, आणि त्यांनी नियम बदलला होता : मंगळवार-शनिवार एक सीट म्हाळू आप्पांच्या नावानं कायमची राखीव. सोमवारी पहाटे ॲम्ब्युलन्स फाट्यावर पोचली, तेव्हा आप्पा गेलेला होता.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून निरोप आला की फाईल जमा करा, म्हणजे वेटिंगवरच्या पेशंटला मशीन देता येईल. शनिवारी फाईल घेऊन मी गाडीपाशी गेलो. इंद्रजीतच्या मोबाईलवर सहाव्या सीटपुढं अजून आप्पाचंच नाव होतं. त्यानं दार उघडलं.

"बस रं बाळा, ऐसपैस बस," तानुबाई म्हणाली. सत्यजीत सरकला. नानांनी पाय आवरले. मागचे दोघं जागे होते. त्या गाडीत एवढी जागा होती, हे मला माहीत नव्हतं.